डाव्या गालावरची तीट

१

लहान मुलांचे फोटो काढणं म्हणजे अर्धी सर्कस असते. राहुरीत माझ्याइतकी सर्कस दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे मी नाही म्हणत, गिऱ्हाईकं म्हणतात. किल्ल्यांचा जुडगा, पिपाणी, दाबलं की कुईकुई करणारं पिवळं बदक आणि शेवटचा उपाय म्हणून मी स्वतः कोंबड्यासारखा आरवतो. कितीही रडकं पोर असू द्या, पाच मिनिटांत हसतं. स्टुडिओत वेताची टोपली आहे, लोकरीची कानटोपी आहे, पांढरी मऊ दुलई आहे. पोराला पालथं घालायचं, मान उचलायची वाट बघायची आणि उचलली रे उचलली की खटाखट फोटो.

पण या सगळ्याच्या आधी एक काम असतं. ओला रुमाल घ्यायचा आणि पोराच्या गालावरची तीट पुसायची.

माझं डोकं कशानं फिरत असेल तर त्या काजळाच्या ठिपक्यानं. आई तासभर पोराला नटवणार, नवं झबलं घालणार, पावडर फासणार आणि शेवटी अंगठ्यानं गालावर हा एवढा काळा डाग! का, तर दृष्ट लागू नये. अहो बाई, दृष्ट लागण्यासारखा फोटो पाहिजे म्हणूनच तर तुम्ही जॉयच्या स्टुडिओत आलात ना?

आमच्या घरात हे प्रकार नाहीत. चार पिढ्या आम्ही ख्रिस्ती. माझी एस्तेर दहा महिन्यांची झाली, तिच्या गालाला काजळाचं बोट कधी लागलेलं नाही. बायको कृपा शाळेत शिकवते, तिलाही हे पटत नाही. त्यामुळे नोव्हेंबरात एका फोटोत तो डाग पहिल्यांदा दिसला, तेव्हा मला वाटलं, घाईत पुसायचा राहिला असेल.

२

तो फोटो आमच्या गल्लीतल्या रुपालीच्या मुलीचा होता. पण मी तीट पुसली होती. पुसल्याची खूण माझ्या खिशात होती, रुमालाला काजळ लागलेलं होतं. कॉम्प्युटरवर बघितलं तर पहिले चार फोटो स्वच्छ आणि पाचव्यापासून पुढं डाव्या गालावर तीट. मी ती कॉम्प्युटरवर काढून टाकली. प्रिंट बाहेर आली, तर प्रिंटवर परत तीट.

रुपाली मात्र खूश झाली. "बरं झालं जॉयदादा, यावेळी राहू दिलीत," म्हणाली.

नंतर मिरजगावचं एक पोर, मग देवळालीची जुळी, मग एका मास्तरांचा नातू. त्या नातवाला तर घरून तीट लावलेलीच नव्हती. तरी फोटोत होती. मी लेन्स पुसली, लेन्स बदलली, शेवटी कॅमेरा घेऊन नगरला गेलो. दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा उघडून बघितला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच बिघडलोय. "साहेब, आत डाग असता तर भिंतीवर दिसला असता, कपड्यांवर दिसला असता. बरोब्बर गालावरच कसा येईल?" मी त्याला म्हणालो, तेच तर विचारतोय तुला! आणि तणतणत परत आलो.

आणखी एक गोष्ट होती, ती मी त्याला सांगितली नाही. फोटो काढताना दोन क्लिकच्या मध्ये मला आवाज यायचा. छुन्. लहान पोराच्या पायातल्या वाळ्याला बारीक घुंगरू असतात, त्यांचा. समोरच्या पोराच्या पायात वाळे असोत नसोत, आवाज यायचा. तो माझ्या उजव्या बाजूनं, कमरेएवढ्या उंचीवरून येऊन समोरच्या दुलईपर्यंत जायचा.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी त्यातली एक तीट स्क्रीनवर मोठी केली. मोठी करत गेलो तशा अंगठ्याच्या रेषा दिसायला लागल्या. आणि त्या रेषांवर आडवा एक वण होता, कोयत्याचा, जुना, बरा झालेला.

तो अंगठा मी ओळखला.

३

कडूबाई गेल्या जानेवारीत आली होती. ऊसतोडीवाली, पाथर्डीकडची, साखर कारखान्याजवळच्या कोप्यांमध्ये, पाचटाच्या झोपड्यांत राहायची. बाजाराच्या दिवशी आली. हिरवं लुगडं, उसाच्या पाचटानं कापलेले हात आणि कडेवर सात महिन्यांचं पोर. वय फार तर तेवीस असेल. नाव ऐकून मी आपली थट्टा केली, "एवढ्या तरुण बाईचं नाव कडूबाई?"

"माझ्या आदी तीन गेली हुती, दादा," ती म्हणाली. "मंग आईनं कडू नाव ठिवलं. कडू कोन तोंडात घालतंय? म्या ऱ्हायले."

"आणि याचं?"

"अमृत." पोराकडं बघून ती हसली. "याच्या आदीचा बी एक न्हाई ऱ्हायला. मंग याची तीट तेवडी पुसू नगा. फोटुत बी ऱ्हाऊ द्या."

मी बरं म्हणालो. खरंच पुसली नाही. आणि काय पोर होतं ते! बदक नको, पिपाणी नको. पायातले वाळे आपटत आपलं आपणच खदखदून हसायला लागलं. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला फोटो. पण संध्याकाळी कॉम्प्युटरवर तो काळा डाग माझ्या डोळ्यात सलायला लागला. एवढा देखणा फोटो आणि त्यावर हे! मी तीट काढली. खाली गुलाबी गाल भरला. कुणाला कळलं नसतं.

पुढच्या बाजाराला ती फोटो न्यायला आली. फोटो हातात धरून तिनं कोयत्याचा आडवा वण असलेल्या अंगठ्यानं डावा गाल चाचपला. "तीट कुटं गेली?"

"कॉम्प्युटरनं काढली. किती छान दिसतोय बघा की."

"न्हाई दादा, परत लावा. उघडा ठिवायचा न्हाई त्याला."

पाच मिनिटांचं काम होतं. पण दुकानात गाडीतून आलेलं एक कुटुंब बसलं होतं, त्यांचं पोर झोपायच्या आत उरकायचं होतं. मी म्हणालो, "आत्ता हात गुंतलाय, ताई. पुढच्या बाजाराला या, लावून देतो. एका आठवड्यानं काय होतंय?"

पुढच्या बाजाराला ती आली, तेव्हा तिच्या कडेवर कुणी नव्हतं.

ताप आला आणि तिसऱ्या दिवशी पोर गेलं, असं तिनं सांगितलं. रडली नाही. तिच्या हातात काजळाची डबी होती. त्याच आठवड्यात मी दुकानावर नवा बोर्ड लावला होता, दहा फुटी फ्लेक्स आणि त्यावर अमृतचा हसरा चेहरा, गुळगुळीत गालाचा. तिला न विचारता लावला होता. ती बोर्डाकडं बोट करून म्हणाली, "समदा गाव बघतोय त्याला. आता तरी लावा."

मी काय म्हणालो ते सांगतो. मी म्हणालो, "मी फोटोग्राफर आहे, देवऋषी नाही. पोराला वेळेवर दवाखान्यात न्यायचं होतं."

त्यावर ती बाहेर गेली. तेव्हाचं मला एवढंच आठवतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

४

नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर संडेस्कूलच्या पोरांचा ग्रुप फोटो असतो. दरवर्षी मीच काढतो. यंदा चौदा पोरं होती. तेरा ओळीनं बसलेली आणि शेवटी, उजव्या टोकाला, सिल्व्हिया टीचरच्या मांडीवर माझी एस्तेर. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं. आत बायका केक कापत होत्या, माईकवर कुणीतरी उगाच हॅलो हॅलो करत होतं. भीती वाटावी असं तिथं काहीही नव्हतं.

एवढी पोरं एकाच वेळी कॅमेऱ्याकडं कधीच बघत नाहीत. म्हणून मी बटण दाबून धरतो, एकामागून एक फोटो निघतात, त्यातला एक तरी जमतो. मी बटण दाबलं.

छुन्.

डाव्या टोकाच्या पोरानं डोळे मिचकावले आणि गाल पुढं केला. आई तोंड पुसायला आली की पोरं करतात ना, तसा. मग त्याच्या शेजारच्यानं. मग तिसऱ्यानं. आवाज ओळीनं सरकत होता. मला कॅमेऱ्यावरचा डोळा काढायचा होता आणि बोट बटणावरून निघत नव्हतं. अकरावं पोर, बारावं, तेरावं. मग आवाज थांबला.

एस्तेर वर बघत होती. तिच्यासमोर कुणी नव्हतं, मोकळ्या हवेकडं बघून ती तोंडभर हसली आणि तिनंही डावा गाल पुढं केला. थोडा वेळ तशीच थांबली. मग तिचं हसू ओसरलं.

घरी येऊन मी दार लावून फोटो बघितले. पहिल्या फोटोत एका पोराला तीट. दुसऱ्यात दोघांना. असं करत तेराव्या फोटोत तेरा जणांना, डाव्या गालावर, सारखी. चौदाव्या फोटोत एस्तेरनं गाल पुढं केला होता आणि गाल स्वच्छ होता. फोटोच्या अगदी कडेला, तिच्या डोक्यावर, हिरव्या लुगड्याचं टोक होतं आणि एक हात होता. मूठ वळलेली होती. अंगठा मुठीच्या आत दडवलेला होता.

५

मी शिकलेला माणूस आहे. मी स्वतःला म्हणालो, पायऱ्यांवर शंभर बायका असतात, कुणाचा तरी हात आला असेल. तिटीचं म्हणशील तर कॅमेरा बिघडलाय, दुरुस्तीवाला गाढव आहे. हे सगळं मी मोठ्यानं बोललो, कारण मागं कृपा उभी होती. कडूबाईची गोष्ट तिला ठाऊक होती, पण मी तीट लावायला नाही म्हणालो इथपर्यंतच.

तिनं चौदाही फोटो पुन्हा पुन्हा बघितले. मग हळूच म्हणाली, "अहो, ती कुणाचं वाईट करत नाहीये. सगळ्यांना लावतीय. फक्त आपल्या पोरीला नाही."

मी हे बघितलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

कृपा उठली, शेजारच्या रोहिणीकडून काजळ घेऊन आली. आमच्या घरात पहिल्यांदा. तिनं एस्तेरच्या गालावर ठसठशीत तीट लावली. मी मोबाईलवर फोटो काढला. फोटोत गाल स्वच्छ. मोबाईल खाली करून बघतो तर गालही स्वच्छ. कृपानं परत लावली, दाबून लावली. आम्ही दोघं त्या ठिपक्याकडं टक लावून बघत बसलो. मी फक्त डोळे मिटून उघडले. तेवढ्यात गेली. कॉम्प्युटरवर मी पुसतो ना, अगदी तशी, कुठं ओघळ नाही, काळपट डाग नाही. खाली गुलाबी गाल भरलेला.

"काय केलंत तुम्ही त्या बाईचं?" कृपानं विचारलं. "नुसतं नाही म्हणालात म्हणून एवढं होत नाही. खरं सांगा."

मग मी सांगितलं. कडूबाई दुकानातून बाहेर गेली, तेव्हा तिनं अंगठा काजळात बुडवला आणि बोर्डाकडं हात केला. बोर्ड फार उंच होता. तिनं उडी मारली. पोहोचली नाही. परत मारली. लुगड्याचा काष्टा धरून, अंगठा वर करून, पोराच्या गालापर्यंत हात पोहोचावा म्हणून ती बाजाराच्या गर्दीत उड्या मारत होती. लोक थांबून बघायला लागले. हसायला लागले.

"आणि तुम्ही?"

"सगळेच हसत होते," मी म्हणालो.

"जॉय, तुम्ही हसलात?"

कृपानं एस्तेरला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. "उद्या जाऊन तिचे पाय धरा," म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

६

पाय धरणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी म्हणालो, आधी बोर्डाचं बघू. तिला बोर्डावर तीट पाहिजे होती ना? लावू. दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या गर्दीतच, भर दुपारी मी शिडी लावली आणि काजळाची डबी घेऊन वर चढलो. शेजारच्या मेडिकलवाल्या रामहरीला तर आयतंच सापडलं. खालून ओरडला, "काय जॉयशेठ! पोरांची पुसून पुसून आता बोर्डाला लावताय व्हय?" चार जण हसले. मी दातओठ खाऊन वरची पायरी चढलो.

वर्षभर उन्हापावसात राहून बोर्डाचा रंग उडाला होता, माझं नाव फिकं पडलं होतं. पोराचा चेहरा तेवढा ताजा होता. मी अंगठ्याला काजळ घेतलं आणि गालावर टेकवलं.

दुकानाचं तोंड उत्तरेला आहे. बोर्डावर डिसेंबरात ऊन येतच नाही, हे मी दहा वर्षं बघतोय. तरी तो गाल गरम होता. पत्रा तापतो तसा नाही. अंगठ्याखाली मऊ लागला, थोडा आत दबला. तापानं फणफणलेल्या पोराच्या गालावर हात ठेवल्यावर लागतो तसा तो लागला. आणि त्या मोठ्या छापील तोंडातून माझ्या मनगटावर श्वास आला.

शिडीवरून कसा उतरलो ते मला माहीत नाही. रामहरीनं धरलं, म्हणून हाडं शाबूत राहिली. "चक्कर आली का ओ?" त्यानं विचारलं. मी व्हय म्हणालो. वर बघितलं तर बोर्डावर तीट नव्हती. माझ्या अंगठ्यावर काजळ तसंच होतं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि कृपा एस्तेरला घेऊन कोप्यांवर गेलो. यंदाही तीच टोळी आली होती. पाचटाच्या पन्नासेक कोप्या, मध्ये चुली, सुटलेले बैल, धूळ. मोठी माणसं ऊस तोडायला फडावर गेलेली होती, पोरं धुळीत खेळत होती. प्रत्येकाच्या डाव्या गालावर तीट होती. ठसठशीत, आणि आडव्या वणाची.

कडूबाई शेवटच्या कोपीच्या दारात बसली होती. लुगड्याची झोळी आत टांगलेली होती आणि झोळीची दोरी तिनं पायाच्या अंगठ्याला बांधली होती. पाय हलवत ती वाढ्यांच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. मला बघून तिला नवल वाटलं नाही.

"या दादा. फोटु काडायला आला व्हय?"

"नाही ताई." इथपर्यंत पाठ केलेलं सगळं मी विसरलो. खाली बसलो, मातीत, आणि तिच्या पायांना हात लावला. "माझं चुकलं. मी हसलो. मला हसायला नको होतं."

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच निजलंय."

मी झोळीकडं बघितलं. झोळीच्या तळाशी वजन होतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी म्हणालो, "दुसरं झालं का, ताई? देवानं दिलं की!"

तिनं पेंढी बांधायची थांबवली. "दुसरं कशाला?" ती म्हणाली. "माझं हायच की."

झोळी हलली. छुन्. लुगड्याचं कापड एका जागी पुढं आलं, आतून कुणी तरी गाल टेकवावा तसं. तेवढी जागा घामानं भिजलेली होती. कृपानं माझा खांदा इतका घट्ट धरला की नखं रुतली. झोळीत डोकावायचं धाडस माझ्यात नव्हतं. तिच्यातही नव्हतं.

मी एस्तेरला पुढं केलं. माझा आवाज माझ्याच कानाला भिकाऱ्यासारखा लागत होता. "एवढी एक तीट लावा हिला. तुमच्या हातानं. बाकी काही मागत नाही. तुम्ही सगळ्यांच्या पोरांना लावता, हिनं तर तुमचं काही केलेलं नाही."

"माझ्या पोरानं बी कुनाचं काय केलं हुतं?" कडूबाई म्हणाली. रागानं नाही. मग तिनं हात पुढं केला आणि एस्तेरची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. जवळपास काजळाची डबी कुठंच नव्हती, पण तिचा अंगठा काळा होता, ओला होता. ती बराच वेळ बघत राहिली. "लई ग्वाड हाय," म्हणाली. "कुनाची बी दृष्ट लागंल."

एस्तेर हसली. चर्चच्या पायऱ्यांवर हसली होती तशीच. तिनं आपणहून डावा गाल पुढं केला. कडूबाईचा अंगठा गालाच्या अगदी जवळ आला. कृपा पुटपुटत प्रार्थना करत होती.

मग कडूबाईनं अंगठा मुठीत घेतला.

"आत्ता हात गुतलाय, दादा," ती म्हणाली. "पुढच्या बाजाराला या, लावून दीते."

"बाजार कालच झाला, ताई! अजून सहा दिवस आहेत!"

"एका आठवड्यानं काय हुतंय?"

तिनं पेंढी परत हातात घेतली आणि पायानं झोळीला झोका दिला. मी ओरडलो, रडलो, काय काय बोललो. आजूबाजूच्या कोप्यांतून म्हाताऱ्या बाहेर येऊन बघायला लागल्या. त्यांच्यातलं कुणीही हसलं नाही.

शेवटी कृपानं मला उठवलं. मी एस्तेरला खांद्यावर घेतलं. तिनं माझ्या मानेला कपाळ टेकवलं आणि मला चटका बसला.

"ऊन लागलं असेल तिला," मी म्हणालो. "घरी जाऊन पाणी पाजू."

कृपानं वर झाडाकडं बघितलं. आल्यापासून आम्ही बाभळीच्या सावलीत होतो.